माळ्यावरचं बीपीचं मशीन

जुन्या पद्धतीच्या, उभ्या काचेच्या नळीच्या बीपी मशीनमध्ये सुमारे १०० ग्रॅम पारा असतो. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, त्यामुळे हे १०० ग्रॅम दिसायला जेमतेम दीड चमचा. ताप मोजायच्या थर्मामीटरमध्ये साधारण १ ग्रॅम आणि सीएफएल दिव्यात ३ ते ५ मिलिग्रॅम पारा असतो. म्हणजे एका बीपी मशीनमध्ये शंभर थर्मामीटरचा किंवा वीस हजारांहून जास्त सीएफएलचा पारा भरलेला असतो. तरी आपल्याकडे सीएफएल फुटला की घरभर धावपळ होते आणि आजोबांचं मशीन मात्र रद्दीबरोबर भंगारात जातं. काळजीचा हा क्रम उलटा आहे.

भंगारात त्याचं काय होतं? डब्याच्या पत्र्याला किंमत असते, नळीला आणि रबराला जवळपास काहीच नसते. पत्रा सुटा करताना मशीनमधली पाऱ्याची टाकी उपडी होते आणि पारा जमिनीवर नाहीतर मोरीत जातो. मोरीत गेलेला पारा लगेच वाहून जात नाही. जड असल्यामुळे तो पाईपच्या वाकणात, म्हणजे ट्रॅपमध्ये, तळाशी बसतो आणि पाणी जोरात आलं की थोडाथोडा पुढे सरकतो. पुण्यातलं सांडपाणी मुळा-मुठेत, तिथून भीमेत आणि पुढे उजनीत जातं. मूलद्रव्य असल्यामुळे पाऱ्याचं विघटन होत नाही. तो फक्त जागा आणि रूप बदलतो.

यातलं सगळ्यात वाईट रूप मिथाइल मर्क्युरी. तळाच्या गाळात ऑक्सिजन संपला की तिथले जिवाणू पाऱ्याचं हे रूप तयार करतात. शेवाळ, त्यावर जगणारे बारीक जीव, लहान मासा, मोठा मासा अशा प्रत्येक पायरीला त्याचं प्रमाण वाढत जातं. पाण्यात मोजता येणार नाही इतकं असलेलं मिथाइल मर्क्युरी शिकारी माशाच्या अंगात लाखो पटींनी जास्त सापडू शकतं. जपानमधल्या मिनामाता गावात हेच झालं. अ‍ॅसिटाल्डिहाइड हे रसायन बनवणाऱ्या कारखान्याचं पारा मिसळलेलं पाणी तिथल्या उपसागरात जात होतं आणि १९५६ मध्ये पहिल्या रुग्णांची अधिकृत नोंद झाली. माशातलं मिथाइल मर्क्युरी स्नायूंतल्या प्रथिनांना चिकटलेलं असतं. म्हणून मासा कितीही धुतला, लिंबू-हळद लावून ठेवला किंवा खरपूस तळला तरी ते निघत नाही. हाती राहते ती निवड. गर्भवतीसाठी आणि लहान मुलांसाठी मुशी, मोठी सुरमई, मोठा कुपा नेहमीच्या ताटात नको. मांदेली, तारली, बोंबील हे लहान आणि अल्पायुषी मासे बरे. मासे बंदच करायची गरज नाही, त्यातली पोषकद्रव्यं बाळाला हवीच असतात.

जगाचा हिशेब पाहिला तर संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजाप्रमाणे २०१५ साली माणसाच्या उद्योगांतून सुमारे २,२२० टन पारा हवेत गेला. त्यातला ३८ टक्क्यांच्या आसपास वाटा छोट्या प्रमाणावरच्या सोन्याच्या खाणकामाचा आणि २१ टक्के कोळसा जाळण्याचा. कोळशात पारा अगदी थोडा असतो, टनामागे दशांश ग्रॅमच्या घरात. पण औष्णिक वीज केंद्रात कोळसा रोज हजारो टनांनी जळतो. चिमणीतली राख पकडणारी यंत्रणा राखेला चिकटलेला पारा अडवते, वायुरूप पारा तिच्यातून निसटतो आणि महिनोन्‌महिने हवेत तरंगून कुठल्या कुठे जाऊन उतरतो. त्यामुळे पुण्यातल्या विजेच्या बटणाचाही यात वाटा आहे.

सोन्याचं गणित समजायला खाणीपर्यंत जायची गरज नाही. पाऱ्याच्या थेंबाला अंगठी लागली की सोनं पांढरं पडतं, कारण दोन्ही धातू एकमेकांत मिसळतात. अशी अंगठी बत्तीवर तापवली की पारा वाफ होऊन जातो आणि सोन्याचा रंग परत येतो. खाणकामात सोनं वेगळं करतात ते याच पद्धतीने. उडालेली वाफ आधी तापवणाऱ्याच्या छातीत जाते. पारा लागलेली अंगठी दुरुस्तीला देताना काय झालंय ते स्पष्ट सांगा. कारागिराला न सांगणं हा त्याच्यावर सरळ अन्याय आहे.

घरात थर्मामीटर फुटला तर पहिली पाच मिनिटं महत्त्वाची. मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा, पंखा आणि एसी बंद करा, खिडक्या उघडा, अंगठ्या-बांगड्या काढून ठेवा. झाडू अजिबात नको, त्याने एका थेंबाचे शंभर होतात. व्हॅक्यूम क्लीनर त्याहून वाईट, तो गरम हवेबरोबर वाफ खोलीभर फेकतो. रबरी हातमोजे घालून दोन जाड कार्डांनी थेंब एकमेकांकडे ढकला, ते आपोआप एक होतात. ड्रॉपरने उचला आणि झाकण घट्ट बसणाऱ्या काचेच्या बरणीत, थोड्या पाण्याखाली ठेवा. अ‍ॅल्युमिनियमचा डबा नको, पारा लागला की अ‍ॅल्युमिनियम झिजून भोकं पडतात. मग दिवे घालवा आणि टॉर्च जमिनीला टेकवून आडवा धरा. राहिलेले बारीक मणी चमकतात, ते चिकटपट्टीने उचला. खरी पंचाईत शहाबादी फरशीच्या सांध्यांत होते. तिथे गंधकाची पूड भुरभुरवतात. तिने पारा नाहीसा होत नाही, फक्त त्यावर सल्फाइडचा थर बसून वाफ कमी होते. म्हणून आधी उचलायचं, गंधक शेवटी. पारा लागलेले कपडे वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका.

इतका खटाटोप का, तर १० बाय १२ ची, १० फूट उंच खोली म्हणजे ३४ घनमीटर हवा. जागतिक आरोग्य संघटनेची वर्षभराच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला १ मायक्रोग्रॅम, म्हणजे खोलीत एका वेळी फक्त ३४ मायक्रोग्रॅम वाफ. सांध्यात राहिलेला १ ग्रॅम म्हणजे दहा लाख मायक्रोग्रॅम. तो वर्षानुवर्षं झिरपत राहतो, आणि २० अंशांवरून ३० अंशांवर गेलं की वाफेचं प्रमाण दुपटीहून वाढतं. एप्रिलमधली पुण्यातली बंद खोली आठवा. श्वासातून गेलेल्या वाफेचा सुमारे ८० टक्के भाग शरीरात राहतो. याउलट, मुलाने थर्मामीटर चावून पारा गिळला तर तो पोटातून जवळजवळ शोषला जात नाही. तिथे काचेची काळजी जास्त. उलटी करायला लावू नका, डॉक्टरांना दाखवा.

आता माळ्यावरचं मशीन. खाली उतरवण्याआधी पाऱ्याची टाकी ज्या बाजूला असेल त्या बाजूला ते हळू कलतं करा, नळीतला पारा पूर्ण टाकीत उतरू द्या आणि तसंच कलतं असताना खालची छोटी खटकी बंद करा. बहुतेकांचा पारा सांडतो तो ही पायरी चुकल्यामुळे. नळीच्या वरच्या टोकाचा चामडी वॉशर कुजला असेल तर तिथूनही गळतो. नळी आतून काळपट दिसत असेल तर ती पाऱ्याच्या ऑक्साइडची पुटं असतात, उघडून पुसत बसू नका. मशीन जाड प्लास्टिकच्या पिशवीत, मग खोक्यात, उभं ठेवा आणि वर मोठ्या अक्षरांत ‘पारा’ लिहा.

फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, सीएफएल आणि ट्यूबलाइट हा घरातला घातक कचरा. ओल्यात नाही, सुक्यातही नाही, वेगळेच द्यायचे. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संस्थांची यादी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असते. बीपी मशीन घेतात का, ते आधी फोनवर विचारून घ्या. ट्यूबलाइट अख्खी, तिच्याच पुठ्ठ्याच्या नळीत घालून द्या. सुक्या कचऱ्यात मोडून कोंबलेली ट्यूब शेवटी हाताने निवडतात त्या कचरावेचक ताई, आणि काचेच्या धारेबरोबर आतली पांढरी पूडही त्यांच्याच तोंडासमोर उडते.