गुठळी आधी दिसली पाहिजे

पक्षाघातात मेंदूच्या धमनीत नळी घालून रक्ताची गुठळी काढण्याचा उपचार 2013 मध्ये जवळजवळ निकालात निघाला होता, हे आज फारसे कोणाच्या लक्षात नाही. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या तीन मोठ्या चाचण्यांपैकी एकीतही नेहमीच्या उपचारापेक्षा त्याचा अधिक फायदा दिसला नव्हता. पुढे नेदरलँड्समधील 16 रुग्णालयांत 500 रुग्णांवर झालेल्या ‘एमआर क्लीन’ चाचणीचे निष्कर्ष आले. नव्वद दिवसांनंतर स्वतःचे व्यवहार स्वतः सांभाळू शकणाऱ्यांचे प्रमाण नेहमीच्या उपचाराच्या गटात 19.1 टक्के, तर गुठळी काढण्याचा उपचारही मिळालेल्या गटात 32.6 टक्के होते. 2015 मध्ये आणखी चार चाचण्यांनी त्याला दुजोरा दिला.

याचे श्रेय बहुधा गुठळी पकडून ओढणाऱ्या जाळीला, ‘स्टेंट रिट्रीव्हर’ला दिले जाते, आणि ते उपकरण आहेही विलक्षण. जांघेतील धमनीतून घातलेली नळी महाधमनीमार्गे मानेपर्यंत नेतात, तिच्यातून त्याहून बारीक नळी गुठळीच्या पलीकडे सरकवतात आणि ती मागे घेत तारेची जाळी गुठळीतच उघडतात. जाळीत गुठळी रुतावी म्हणून काही मिनिटे थांबून, मोठ्या नळीतून रक्त खेचत खेचत सगळे एकदम बाहेर ओढतात. गॉजवर येतो तो काही मिलिमीटरचा काळपट लाल तुकडा. तेवढ्याने माणसाची वाचा गेलेली असते.

तरीही माझ्या मते, खरा फरक रुग्णांच्या निवडीने पडला. 2013 च्या चाचण्यांमध्ये जुनी उपकरणे आणि उशीर हे दोष होतेच. पण त्यांतल्या काहींत मोठी धमनी खरोखर बंद आहे का, हे सीटी अँजिओग्राफीने, म्हणजे धमन्या दाखवणाऱ्या स्कॅनने, आधी पाहण्याची सक्ती नव्हती, त्यामुळे काढण्याजोगी गुठळीच नसलेले रुग्णही उपचाराच्या गटात मोजले गेले. ‘एमआर क्लीन’ने तो पुरावा आधी मागितला. ‘डॉन’ चाचणीने आणखी पुढे जाऊन, मेंदूचा वाचवता येण्याजोगा भाग स्कॅन आणि लक्षणांवरून ठरवला आणि निवडक रुग्णांसाठी पक्षाघातानंतर हा उपचार करण्याची मुदत सहा तासांवरून चोवीस तासांपर्यंत नेली. मुदत वाढली म्हणून सवड मिळाली असे मात्र कोणी समजू नये.

2025 मध्ये मध्यम आणि लहान धमन्यांतील गुठळ्यांवरच्या दोन चाचण्यांत या उपचाराचा फायदा सिद्ध झाला नाही. तेव्हा अशा फांद्यांतही सरसकट जाळी घालण्याचा उत्साह तूर्त आवरलेला बरा.