आजींच्या डब्यातला तारा

परवा माझ्या घरमालकीण आजींनी बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यातून रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढली. गडद निळा मीना चढवलेला क्रूस, वर मुकुट, दोन तिरक्या तलवारी, आणि निळ्या काठाची लाल फीत. 'स्तेआउआ रोमुनिएय', म्हणजे 'रोमानियाचा तारा' हे पदक. त्यांच्या आजोबांना पहिल्या महायुद्धात मिळालेला. तलवारी असल्या की लष्करी कामगिरीचा, नसल्या की मुलकी.

बुखारेस्टला येऊन मला दोन वर्षं झाली, पण या ताऱ्याची गंमत मला त्या दिवशी कळली. 1859 च्या जानेवारीत मोल्दाव्हिया आणि वालाखिया या दोन संस्थानांनी (यांचाच पुढे रोमानिया झाला), पहिल्याने 5 तारखेला आणि दुसऱ्याने 24 तारखेला, एकाच माणसाला, अलेक्झांड्रू कुझाला, गादीवर बसवलं. कुझाने 1864 मध्ये पॅरिसच्या क्रेत्ली या कारागिराकडून पदकं घडवून घेतली, त्यांवर हे 5 आणि 24 आकडेही घातले. पण देश तुर्की सुलतानाचा मांडलिक! मांडलिकाने कसली पदकं वाटायची? बाजारात तुरी म्हणतात ते हेच. 1866 मध्ये कुझालाच गादी सोडावी लागली आणि पदकं राजवाड्यातच पडून राहिली.

मग 1877. जुन्या पंचांगाप्रमाणे 9 मे रोजी परराष्ट्रमंत्री कोगल्निचानू यांनी संसदेत स्वातंत्र्य जाहीर केलं, आणि दुसऱ्याच दिवशी या ताऱ्याचा कायदा झाला. मला आधी हसूच आलं. युद्ध दारात आणि यांना पदकाची घाई! पण स्वतःच्या नावाचं पदक देता येणं हीच तर मोकळ्या राज्याची खूण होती. त्यावरचं लॅटिन वचन 'इन फिदे सालुस', निष्ठेतच तारण.

1948 मध्ये कम्युनिस्टांनी ते बंद केलं. आजींच्या आईने तेव्हा क्रूस उशीत शिवून टाकला होता. 1998 मध्ये तारा पुन्हा सुरू झाला, आणि 2004 मध्ये भलतंच घडलं. कडव्या राष्ट्रवादी, ज्यूद्वेष्ट्या पुढारी वादिम तुदोरला तो दिल्यावर ज्यू लेखक एली विझेल यांनी आपला तारा परत केला. विझेल रोमानियातल्या सिगेतचे, आउश्विट्झच्या नाझी छळछावणीतून वाचलेले. तुदोरचा तारा 2007 मध्ये काढून घेतला गेला.

"तुम्ही असता तर केला असता परत?" मी आजींना विचारलं.

"हा राजाच्या हातचा," त्या डब्याचं झाकण दाबत म्हणाल्या. "परत करायला राजा कुठाय?"