संघ मोडून का टाकत नाहीत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तुम्ही म्हणजे एकटे तुम्ही नव्हे. पुण्याचा भाचा फोनवर विचारतो, मंडळात नव्याने आलेली माणसं जेवणाच्या रांगेत विचारतात, आणि ऑफिसातला माँट्रियलचा सहकारी तर मुद्दाम विचारतो: आइस हॉकीतले तुमचे टोरांटो मेपल लीफ्स दरवर्षी ऐन वेळी माती खातात, मग तो संघ मोडून नव्याने का बांधत नाहीत?

प्रश्न रास्त आहे. टोरांटोने स्टॅनली कप, म्हणजे लीगचं अजिंक्यपद, शेवटचा उचलला 1967 साली, माँट्रियललाच हरवून. तेव्हा लीगमध्ये सहाच संघ होते. त्यानंतर कप सोडाच, अंतिम फेरीतही पाऊल पडलेलं नाही. 2013पासून सात वेळा प्लेऑफची मालिका सातव्या, निर्णायक सामन्यापर्यंत गेली आणि सातही वेळा आम्ही हरलो. 2013ला बॉस्टनविरुद्ध तिसऱ्या, शेवटच्या सत्रात 4-1 आघाडी होती, ती घालवून 5-4ने हरलो. 2021ला माँट्रियलविरुद्ध मालिकेत 3-1 पुढे होतो, तीही घालवली. इथे पहिले दोन सामने जिंकले की लोक "चला, मिरवणुकीचा रस्ता ठरवा" म्हणत स्वतःचीच थट्टा करतात.

भाच्याला मात्र या सगळ्यापेक्षा 2020च्या फेब्रुवारीतली गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायची असते. टोरांटोतच सामना होता आणि समोरच्या कॅरोलायना संघाचे दोन्ही गोलकीपर जखमी झाले. मग नियमाप्रमाणे तिथे हजर असलेला आणीबाणीचा गोलकीपर उतरला: डेव्हिड एअर्स, वय 42, बर्फ गुळगुळीत करणारं झांबोनी यंत्र चालवलेला माणूस. आमच्याच खेळाडूंच्या सरावात तो अधूनमधून गोलमध्ये उभा राहायचा. आमचे पहिले दोन फटके आत गेले. पुढचे आठही त्याने अडवले. 6-3ने हरलो. असो.

भाच्याच्या डोक्यात आयपीएल असते. ठरावीक वर्षांनी मोठा लिलाव, मोजके खेळाडू ठेवायचे, बाकी पाटी कोरी. एनएचएलमध्ये, म्हणजे आमच्या या हॉकी लीगमध्ये, लिलाव नाही. खेळाडूंशी सात-सात, आठ-आठ वर्षांचे करार होतात आणि सगळ्यांच्या पगाराची बेरीज एका मर्यादेत बसवावी लागते. तिला इथे नुसतं कॅप म्हणतात, आणि आकडा कुणालाही विचारा, तोंडपाठ असतो. लीगचं उत्पन्न वाढलं की कॅप वाढते. आमची सगळी रामकहाणी इथून सुरू होते.

2018च्या जुलैत जॉन टव्हारेस आला. टोरांटोला लागून असलेल्या आमच्या मिसिसागात जन्मलेला, लहानपणी लीफ्सच्या चादरीत झोपलेला. तो फोटो त्याने स्वतःच टाकला आणि अख्खं शहर विरघळलं. सात वर्षं, वर्षाला 1 कोटी 10 लाख डॉलर. संघात तीन तरणी पोरं आधीच होती: ऑस्टन मॅथ्यूज, मिच मार्नर, विल्यम नायलँडर. तिघांचेही सुरुवातीचे, स्वस्तातले करार संपत आलेले. व्यवस्थापक काइल डुबस म्हणाले, सगळ्यांना ठेवू. ठेवलं. 2019-20च्या हंगामात चौघांच्या करारांची बेरीज कॅपच्या हिशेबात सुमारे 4 कोटी 5 लाख होती आणि कॅप होती 8 कोटी 15 लाख. सामन्याला वीस जण उतरतात. त्यातल्या चौघांना निम्मा खजिना. हिशेब असा होता की कॅप वर्षागणिक वाढेल आणि हे आकडे आपोआप लहान दिसू लागतील. मग कोविड आला, खुर्च्या रिकाम्या पडल्या आणि कॅप तीन हंगाम त्याच आकड्यावर अडकली.

इथपर्यंत मी डुबस यांना बोल लावत नाही. साथ येणार हे कुणाला ठाऊक होतं? पण चौघांना हात लावायचा नाही म्हटल्यावर कात्री लागली मधल्या फळीला. नाझेम काद्री 2019मध्ये कोलोराडोला गेला. तापट होताच. बॉस्टनविरुद्ध लागोपाठ दोन वर्षं ऐन प्लेऑफमध्ये निलंबित झाला, तेव्हा त्याला घालवा म्हणणाऱ्यांत निम्मं शहर होतं. पण वर्षाला 45 लाखांत तसा सेंटर, म्हणजे हल्ल्याच्या मधोमध खेळणारा गडी, बाजारात मिळत नाही. 2022ला त्याने कोलोराडोबरोबर कप उचलला.

काद्रीपेक्षा मला झॅक हायमन जास्त लागला. हा कोपऱ्यात शिरायचा, कठड्याला अंग घासत दोघांच्या कात्रीतून पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, उकरून काढायचा आणि मागे सरकवायचा. टीव्हीवर दिसायचं ते एवढंच, की मार्नरच्या काठीवर पक आला, त्याने मान वर केली आणि सुरेख पास दिला. तो पक तिथे आला कसा, हे बघायला कॅमेरा थांबत नाही. 2021मध्ये हायमनला एडमंटनने वर्षाला 55 लाखांवर नेलं. 2023-24ला त्याने तिकडे 54 गोल केले. माझं मत विचाराल तर टोरांटोचं घोडं ताऱ्यांपाशी अडलं नाही, इथे अडलं.

"मग एखादा तारा देऊन मधली फळी भरायची की, मावशी." भाचा सहजासहजी सोडत नाही. याचं उत्तर करारातल्या एका कलमात आहे. खेळाडूच्या संमतीशिवाय त्याला दुसऱ्या संघात धाडता येणार नाही, अशी अट करारात घालता येते. पण खेळाडू 27 वर्षांचा होईपर्यंत किंवा त्याचे लीगमध्ये सात हंगाम भरेपर्यंत ती लागू होत नाही. मार्नरची अट लागू झाली 1 जुलै 2023ला. त्याच मे महिन्यात फ्लोरिडाने आम्हाला पाच सामन्यांत गुंडाळलं, डुबस यांना काढलं आणि महिनाअखेरीस त्यांच्या जागी ब्रॅड ट्रिलिव्हिंग आले. म्हणजे नव्या माणसाच्या हातात जेमतेम महिना. तो महिना सरला आणि किल्ली मार्नरच्या खिशात गेली. 2025च्या मार्चमध्ये कॅरोलायनाच्या मिको रँटनेनच्या बदल्यात त्याला देण्याचं घाटत होतं आणि त्याने नकार दिला, अशा बातम्या आल्या. त्यावरून त्याला गद्दार म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. अट त्याने लपूनछपून घातली नव्हती. खाली सही संघाचीही होती.

मार्नरवरचा राग मात्र मला समजतो. 2021च्या माँट्रियल मालिकेतला सहावा सामना आठवा. आपल्या हद्दीतून पक थेट काचेवरून प्रेक्षकांत गेला की दोन मिनिटांची शिक्षा. मुद्दाम केलं की चुकून, हे पंच बघत नाहीत. तिसऱ्या सत्रात मार्नर घाईघाईत पक बाहेर काढायला गेला आणि तो काचेवरून गेला. एक खेळाडू कमी झाला, माँट्रियलने त्याच शिक्षेत गोल केला, आणि पुढे जादा वेळेत आम्ही हरलो. मालिकेच्या सात सामन्यांत त्याचा एकही गोल नाही. मॅथ्यूजने त्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक 41 गोल केले होते. या मालिकेत त्याचा एक. पण मॅथ्यूज ॲरिझोनात वाढलेला आणि मार्नर इथलाच, शेजारच्या मार्कममध्ये जन्मलेला. घरच्या पोरावर माणसं जास्त चिडतात.

प्रशिक्षकही बदलून झाले. माइक बॅबकॉक यांनी मार्नरला पहिल्याच हंगामात सांगितलं होतं की सहकाऱ्यांची मेहनतीनुसार क्रमवारी लाव, आणि ती यादी मग खालच्या नंबरांवरच्या खेळाडूंपर्यंत पोचली. बॅबकॉकनी नंतर हे कबूल केलं. वरिष्ठांवर एकोणीस वर्षांच्या मुलाकडून शेरे लिहून घ्यायचे, याला मी तरी प्रशिक्षण म्हणणार नाही. 2019च्या नोव्हेंबरात त्यांना काढलं. शेल्डन कीफ यांच्या काळात हल्ला देखणा झाला, पण 2024ला बॉस्टनविरुद्ध एकवीस पॉवर प्लेमध्ये गोल एक. समोरच्यांचा एक माणूस कमी असताना, एकवीस वेळा! मग आले क्रेग बेरुबी, 2019ला सेंट लुईसला कप मिळवून दिलेले. 2024-25ला 108 गुण, विभागात पहिले, फ्लोरिडाविरुद्ध मालिकेत 2-0 आघाडी. आणि नंतर पाचवा आणि सातवा सामना घरच्या बर्फावर दोन्ही वेळा 6-1ने हरलो. लोकांनी अंगातल्या जर्सी काढून खाली भिरकावल्या. त्या जर्सीची किंमत ज्याला माहीत आहे त्याला राग किती होता ते कळेल.

दोनेक आठवड्यांनी बेंगळुरूने अठराव्या प्रयत्नात आयपीएल जिंकली. भाच्याचा लगेच फोन. "मावशी, आता तुमचेच राहिले."

तर, मोडला का संघ? थोडासा. 2025च्या उन्हाळ्यात मार्नर व्हेगासला गेला, आठ वर्षं, वर्षाला 1 कोटी 20 लाख. बदल्यात आला निकोलस रॉय. शहरभर बोंबाबोंब झाली की सोनं देऊन पितळ घेतलं. मला तेवढं वाटलं नाही. मार्नर तसाही करार संपून मोकळा होणार होता, आणि रॉय उंचापुरा, गोलसमोर ठाण मांडणारा सेंटर आहे. टव्हारेस सुमारे 44 लाखांवर थांबला, म्हणजे आधीच्या निम्म्याहूनही कमी. सात वर्षांपूर्वी हीच रक्कम असती तर हायमनही राहिला असता आणि काद्रीही. पण सात वर्षांपूर्वी तो सत्तावीस वर्षांचा होता आणि त्याच्या दारात सहा संघ उभे होते.

भाचा म्हणाला, मार्नर गेला, आता तुम्ही लोक कुणाच्या नावाने खडे फोडणार? अरे, नायलँडर आहे ना. त्याचा करार 2032पर्यंत आहे.