मिरकरवाड्याचा काटा आणि इंटरफेस ऑटोमॅटा: माझा अनुभव

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या मासळीच्या लिलावासाठी सॉफ्टवेअरचे दोन कंपोनंट (सुटे भाग) जोडायचे होते: वजनकाटा आणि बिल. टेस्ट दोघांच्याही वेगवेगळ्या पास होत होत्या. जोडणीपूर्वी मी दोघांचे इंटरफेस ऑटोमॅटा कागदावर काढले, म्हणजे कंपोनंट कोणत्या स्टेटमध्ये (स्थितीत) काय घेतो (इनपुट) आणि काय पाठवतो (आउटपुट) हे बाणांनी दाखवणाऱ्या आकृत्या. ही पद्धत लुका दे अल्फारो आणि थॉमस हेन्झिंगर यांनी २००१ मध्ये मांडली.

काट्याच्या तीन स्टेट. ० म्हणजे मोकळा. ‘मोज’ आलं की १. ‘वजन’ पाठवलं की परत ०. मोजताना क्रेट हलला तर २, तिथून ‘चूक’ पाठवून ०. बिलाच्या दोनच: अ मध्ये ‘मोज’ पाठवायचं, ब मध्ये ‘वजन’ची वाट बघायची.

पहिली चूक माझीच. बिलाच्या इनपुट-यादीत ‘चूक’ लिहायचं राहिलं. मग ती दोघांमधली ॲक्शन राहत नाही, बाहेर कुणासाठी तरी गेलेलं आउटपुट ठरते, आणि जोडणी निर्दोष दिसते. खरं तर काटा ० वर, बिल ब वर, दोघेही एकमेकांची वाट बघत ठप्प. असं ठप्प होणं ही पद्धत दोष धरत नाही. ते वेगळं तपासावं लागतं.

यादी सुधारली. दोघांच्या स्टेटच्या ३ × २ = ६ जोड्या, त्यातल्या पोचण्याजोग्या तीनच: ०अ, १ब, २ब. २ब अवैध, कारण काटा ‘चूक’ पाठवतोय आणि बिल ब मध्ये ते घेत नाही: यादीत नाव आलं, पण बाण नाही. आता उलटं चालायचं: जिथून बाहेरचं काहीही इनपुट न येता, नुसत्या आउटपुटने किंवा आतल्या ॲक्शनने अवैध स्टेट गाठता येते, ती खोडायची. १ब वरून २ब कडे नेणारं ‘हलला’ मी इनपुट धरलं होतं, म्हणून १ब वाचली, बाण तेवढा गेला. निकाल: दोघे जुळतात, फक्त मोजताना क्रेट कुणी हलवायचा नाही.

लिलावाच्या गर्दीत ही अट कोण पाळणार! ‘हलला’ काट्याची आतली ॲक्शन धरली, तर १ब खोडली जाते, तिच्यामागून ०अ (कारण दोघांमधलं ‘मोज’ही जोडणीच्या आतलंच), म्हणजे सुरुवातच. जोडणी अशक्य. ‘हलला’ इनपुट की आतली ॲक्शन, माझा सगळ्यात जास्त वेळ याच एका शिक्क्यावर गेला.

उपाय: ब मध्ये ‘चूक’ घेऊन अ वर परतणं. पण तसं बिल अखंड ‘मोज’ पाठवत राहील, म्हणून तीन प्रयत्न आणि मग ‘हाताने लिहा’. बिलाच्या दोन स्टेटच्या सात झाल्या, आणि ते नवं आउटपुट घेणारा स्क्रीनही तपासावा लागला.

काटा बदलतानाही हाच हिशेब: नव्याने जास्त इनपुट घेतले तर चालतात, जास्त आउटपुट पाठवलेले चालत नाहीत. ‘बॅटरी कमी’ असा संदेश मध्येच पाठवणारा काटा माहितीपत्रकात भारी दिसतो. बिलाला मात्र तो नव्याने शिकवावा लागतो.