पुढची तारीख

वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहात एका शनिवारी गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेड्याकडचा एक बांधकाम मजूर माझ्यासमोर बसला. चोरीची केस. जामीन मंजूर होऊन 41 दिवस झाले, तरी तो आतच. 15 हजारांचा जामीनदार हवा होता, तोही नागपूरचा. या शहरात त्याच्या ओळखीचा माणूस एकच, त्याच्यावर तक्रार करणारा मुकादम!

वकीलपत्र मी तिथेच घेतलं, फी न घेता. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर कोर्टाने स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 ला सांगितलेलं आहे. जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय त्याच्या स्वतःच्या हमीवर सोडा, असा अर्ज टाकला.

सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात पुकारा झाला. साहेबांनी विचारलं, "आरोपी आजही आत आहे, याचं जेलचं पत्र?" माझ्याकडे नव्हतं. आठ दिवसांनंतरची तारीख मिळाली.

त्याच दुपारी दुसऱ्या कोर्टात माझी फी घेतलेली केस होती. तिच्या फाइलमध्ये प्रत्येक कागदाच्या दोन प्रती होत्या, आदल्या रात्री तपासलेल्या. गरजूला फुकट मदत करणं हे वकिलाचं श्रेष्ठ कर्तव्य आहे, असं सांगणारा बार कौन्सिलचा 46 वा नियम मला पाठ होता. पण माझ्या आळसाचे आठ दिवस भोगणार होता तो.

निरोप पाठवता आला असता. तो भ्याडपणा झाला असता, म्हणून स्वतः गेले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, पैसे दिले असते त आजच झालं असतं का?"

"हो," मी म्हणाले. "चूक माझी आहे, भाऊ." तो बराच वेळ काही बोलला नाही.

मधल्या दिवसांत जेलचं पत्र आणलं, जामिनाच्या आदेशाची नक्कल काढली, गावच्या पत्त्याचा दाखला मागवला. सरकारी वकिलांना प्रत आधीच दिली. आठव्या दिवशी पाच मिनिटांत आदेश झाला.

संध्याकाळी तो जेलच्या दाराबाहेर आला. हातात एक पिशवी. गणेशपेठच्या बसस्टँडसाठी ऑटो थांबवला, तर तो आत बसेना.

"केस त चालूच राहीन न? पुढच्या तारखेला तुम्हीच याल?"

"मीच येईन."

"सगळे कागद घेऊन?"

"सगळे घेऊन."

मग तो बसला.