तुम्ही विचारलंत म्हणून: ‘सपर्स रेडी’, गेब्रियलचं की कॉलिन्सचं?

जेनेसिस हा ब्रिटिश रॉक बँड ऐकणारे दोघे भेटले की तिसऱ्या वाक्याला हा प्रश्न येतो. त्यांच्या ‘सपर्स रेडी’ या लांब गाण्याचं खरं लाइव्ह रेकॉर्डिंग कोणतं? लंडनच्या रेनबो थिएटरमधलं, 20 ऑक्टोबर 1973 चं, पीटर गेब्रियलच्या आवाजातलं? की 1977 च्या ‘सेकंड्स आउट’ या लाइव्ह अल्बमवरचं, गेब्रियलनंतर गायक झालेल्या ड्रमर फिल कॉलिन्सने गायलेलं? विचारणाऱ्याला एका शब्दात उत्तर हवं असतं. ‘रेनबो’ म्हणाल तर गेब्रियलच्या स्टेजवरच्या मुखवट्यांना भुललेले, ‘सेकंड्स आउट’ म्हणाल तर मूळ गाणं न कळलेले. या दोन्ही शिक्क्यांचा मला कंटाळा आलाय, म्हणून एकदा नीट लिहिते.

‘फॉक्सट्रॉट’ अल्बम, 1972, सात भाग, तेवीस मिनिटं, हे तुम्हाला पाठ आहे. ते सोडते.

आधी हे गाणं स्टेजवर काय मागतं ते पाहा. रेकॉर्डवर पहिल्या भागात बँडमधले टोनी बँक्स (कीबोर्ड), माइक रदरफर्ड (बास) आणि स्टीव्ह हॅकेट (गिटार) असे तिघं बारा-तारी गिटार वाजवतात. प्रत्येकीवर दोन-दोन तारांच्या सहा जोड्या, म्हणजे 36 तारा. खालच्या चार जोड्यांत एक तार सप्तकाने वर, उरलेल्या दोन जोड्या एकाच सुरात. दिव्यांच्या उष्णतेने यातली एक तार जरी किंचित उतरली, तरी त्या नाजूक झंकाराला लगेच आंबटपणा येतो. गेब्रियल दोन गाण्यांच्या मध्ये ज्या विचित्र गोष्टी सांगायचा, त्यांचा एक साधा उपयोग हाच होता: मागे तारा लावायला वेळ मिळायचा. ‘सपर्स रेडी’ एकदा सुरू झालं की ही सोय संपते. त्यात मेलोट्रॉन, टेपवरचे सूर वाजवणारा कीबोर्ड. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा असतो आणि तो साधारण आठ सेकंदांत संपतो. सूर त्याहून लांबवायचा तर बोट उचलून पुन्हा दाबावंच लागतं. मोटरचा वेग हलला की सूरही हलतो.

आणि मग सहावा भाग, 9/8 चा, म्हणजे नऊ मात्रांच्या आवर्तनाचा. नऊ म्हटलं की तीन-तीन-तीन मोजायची सवय असते. इथे ती चालत नाही. तीन, दोन, चार असं मोजा, तरच रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट, हाताला लागतो. बँक्स, रदरफर्ड आणि कॉलिन्स या तिघांनी तालमीत वाजवता वाजवता हा भाग काढला. रदरफर्डने ई, एफ शार्प आणि बी एवढे तीनच स्वर धरले, त्यामुळे वर ऑर्गनवर बँक्सला हवा तो कॉर्ड लावायची मोकळीक मिळाली. ऑर्गनची वाक्यं त्या नऊच्या चौकटीत बसत नाहीत, ती ओलांडून जातात. तुमची मोजणी चुकली असं वाटलं तरी खालचा रिफ मोजत राहा, तो हलत नाही. या सोलोवर गेब्रियलने गायला सुरुवात केली तेव्हा बँक्सला आधी ते खटकलं होतं, आपल्या जागेवर हा का गातोय म्हणून. काही क्षणांतच त्याचं मत फिरलं. हे त्याने स्वतः मुलाखतींत सांगितलंय.

आता रेनबोबद्दल, आणि इथे मला घाई करायची नाही.

1973 मध्ये ‘जेनेसिस लाइव्ह’ हा अल्बम आला. मुखपृष्ठावर गेब्रियल मॅगॉग या पात्राचं ते भौमितिक शिरस्त्राण घालून उभा आहे. तो क्षण याच गाण्यातला, पण रेकॉर्डवर गाणंच नाही.  गेब्रियलच्या काळातलं लाइव्ह ‘सपर्स रेडी’ अधिकृतपणे हातात यायला 1998 उजाडलं, ‘आर्काइव्ह 1967–75’ या संचात. तोवर लोक बूटलेगवर, म्हणजे चोरून केलेल्या रेकॉर्डिंगांवर, भागवत होते. पंचवीस वर्षं वाट पाहून मिळालेली ही रेनबोची टेप, आणि तिच्यातलं काही गायन गेब्रियलने 1990 च्या दशकात स्टुडिओत नव्याने केलेलं आहे. हॅकेटनेही काही गिटार पुन्हा वाजवली. याचं कारण लपवलेलं नाही: मुखवटे आणि पोशाख यांच्यामुळे मूळ आवाज माइकपर्यंत नीट पोचलाच नव्हता.

हे कळल्यावर पहिल्यांदा फसवणूक वाटते, आणि तसं वाटलं तर ते मी कुणाला चूक म्हणणार नाही. पण कारण समजून घ्या. ‘विलो फार्म’ या पाचव्या भागातल्या फुलाच्या मुखवट्यात पाकळ्या चेहऱ्याभोवती होत्या, तोंड उघडं होतं. शिरस्त्राणाचं तसं नाही. माइक ओठांपासून वितभर दूर गेला तरी आवाजाचा खालचा भाग पातळ होतो आणि मागच्या ड्रम्स-अँप्लिफायरचा आवाज त्याच माइकमध्ये घुसतो. मग मिक्स करणाऱ्याने आवाज वाढवला की झांजाही वाढतात. ते नंतर वेगळं करता येत नाही. सभागृहात बसलेल्याला डोळ्यांनी उरलेलं भरून काढता येत होतं. टेपला डोळे नसतात.

म्हणजे ज्या गोष्टीने हा प्रयोग मोठा केला, तिनेच त्याचं रेकॉर्डिंग खाल्लं. आणि त्या टेपवर तेवीस वर्षांच्या मुलाच्या आवाजाच्या मध्येच चाळिशी ओलांडलेल्या माणसाचा आवाज येतो. खालचा, थोडा खरबरीत. मी पूर्वी ठासून सांगायचे की गाणाराच जर तो आहे, तर दुरुस्तीला हरकत काय? आजही मला तो युक्तिवाद लंगडा वाटत नाही. पण मग त्याला ‘20 ऑक्टोबर 1973’ म्हणावं का, याचं उत्तर त्या युक्तिवादात नाही.

‘सेकंड्स आउट’ या बाबतीत सोपं आहे. पॅरिसमध्ये, जून 1977 मध्ये. कॉलिन्स मुखवट्याशिवाय, माइकला लागून गातो, शब्द न् शब्द कळतो. ड्रम्सवर चेस्टर थॉम्पसन, आणि वाद्यांच्या भागात कॉलिन्स मागे जाऊन दुसऱ्या सेटवर बसतो, त्यामुळे 9/8 ला जे वजन येतं ते 1973 मध्ये नाही. मोबदल्यात बासरी जाते. ‘विलो फार्म’नंतरची ती शांत जागा कीबोर्डवर भरावी लागते, आणि मला ती दर वेळी रिकामी वाटते. ‘विलो फार्म’मधला वेडेपणाही कॉलिन्सकडे सभ्य होतो. तो अभिनय करतो. गेब्रियलचा अभिनय वाटत नाही.

एलपीवर ऐकणाऱ्यांसाठी एक सूचना. ‘सेकंड्स आउट’ची तिसरी बाजू पूर्ण याच गाण्याची आहे, चोवीस मिनिटांहून जास्त. इतकी लांब बाजू कापायची तर खाच उथळ आणि आवाज कमी ठेवावा लागतो. शिवाय गाण्याचा सगळ्यात मोठा क्षण शेवटी, म्हणजे लेबलजवळ येतो. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 50 सेंटीमीटर खाच जाते, आत जेमतेम 21. त्यामुळे शेवटच्या भागात मेलोट्रॉन आणि गाणं एकमेकांत चरचरलं, तर दोष कॉलिन्सला देऊ नका. आधी सुई आणि तिचा कोन तपासा. ‘फॉक्सट्रॉट’च्या दुसऱ्या बाजूचीही हीच अडचण आहे.

हॅकेटने स्वतःच्या बँडसोबत लंडनच्या हॅमरस्मिथमध्ये केलेलं 2013 चं लाइव्ह रेकॉर्डिंग मी मुद्दाम शेवटी ठेवलं. वादन तिन्हींत सगळ्यात अचूक, रेकॉर्डिंगही स्वच्छ. मूळ रेकॉर्डवर गाणं हळूहळू विरत जातं, तर स्टेजवर हॅकेटची गिटार गाणं संपल्यावरही वर चढत राहते. तो शेवट मला इतर दोन्हींपेक्षा जास्त पटतो. गायक नॅड सिल्व्हनला मात्र गेब्रियल आणि कॉलिन्स या दोघांच्या सावलीत उभं राहावं लागतं, आणि ते ऐकू येतं.

पहिल्यांदाच ऐकणार असाल तर ‘सेकंड्स आउट’ लावा, कारण त्यात गाण्याचे सांधे दिसतात. मग रेनबो. दोन्हींत 9/8 चा भाग एकापाठोपाठ ऐका, तीन-दोन-चार मोजत. त्यानंतरही तुमचा कौल माझ्याशी जुळला नाही तर वाद घाला, माझाही अजून ठरलेला नाही.