मग पंचगंगेत का टाकत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात, एसटीत, शाळेच्या गॅदरिंगला, कुठंही जा, कुणीतरी विचारतंच : "मॅडम, तुमच्या त्या पावडरीनं पाण्यातला रंग जातो ना? मग पंचगंगेत का टाकत नाही?" इतकी वर्षं हसून वेळ मारून नेली. आता एकदाचं लिहूनच टाकते.

जातो रंग. झिंक ऑक्साईडची पांढरी पावडर, मेथिलीन ब्ल्यूचं निळं पाणी, वर अतिनील दिवा आणि दीड तासात 98 टक्के रंग गायब. आकडा खोटा नाही. लिटरला 10 मिलिग्रॅम रंग, डिस्टिल्ड वॉटर, पीएच 10. रंगाईचं पाणीही अल्कलीच, म्हणजे किती छान जुळलं! प्रबंधाच्या शेवटी मी ठोकून दिलं : 'वस्त्रोद्योगातील सांडपाण्यासाठी उपयुक्त.' तोवर प्रोसेस हाऊसचं, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्याचं, तोंडही पाहिलं नव्हतं.

डिग्रीनंतर पाहिलं. इचलकरंजीत, ओळखीतून. जिगरवरचं, म्हणजे रंगवायच्या यंत्रावरचं, सुती कापड उतरलं आणि खालचा कॉक उघडला. मरून रंगाचं वाफाळतं पाणी भसाभसा गटारात. त्यातलं पाच लिटर मी कॅनमध्ये धरलं. नखांच्या कडा पुढं आठवडाभर लाल होत्या. गच्चीवर टब मांडला, पावडर टाकली, ढवळायला कामावरचा एक पोरगा बसवला. सकाळी दहापासून ऊन रणरणत होतं. मालक तासातासानं जिना चढून यायचे, टबात डोकवायचे, काही न बोलता उतरायचे. चार वाजले तरी पाणी मरूनच. पावडर तळाला बसली होती, तीही जेमतेम गुलाबी.

कारण तिथंच, गच्चीवर उभ्या उभ्या लक्षात आलं. झिंक ऑक्साईडचा पृष्ठभाग साधारण 9 पीएचच्या वर ऋण भाराचा होतो. मेथिलीन ब्ल्यू धन भाराचा, म्हणून येऊन चिकटतो. सुतावरचे रिॲक्टिव्ह रंग मात्र स्वतःच ऋण भाराचे; ते त्या पावडरीजवळ फिरकत नाहीत. म्हणजे ज्या पीएचवर मी मिरवत होते, तिथंच माझी गोची. त्यात रंग धरावा म्हणून घातलेलं मीठ आणि सोडा. प्रकाशानं पावडरीवर तयार होऊन रंग तोडायला निघालेले रॅडिकल, म्हणजे अतिक्रियाशील कण, या मीठ-सोड्यावरच वाटेत खर्ची पडतात. उन्हात अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के, आणि तेवढाही त्या गडद पाण्यात खोल उतरत नाही.

मी म्हटलं, वीसपट पाणी घालून बघू.

"मॅडम, वीसपट पाणी आणायचं कुठनं? इथं नळाला चार दिवसांनी पाणी येतंय."

मालक चिडून नव्हते बोलले. वर चहाही पाजला. चिडले असते तर बरं झालं असतं.

आता तुम्ही म्हणाल, मग पगार कशाचा घेता? थांबा. फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी 1972 मध्ये टायटॅनियम डायऑक्साईड आणि प्रकाश वापरून पाणी फोडून दाखवलं, तेव्हा तेही कुणाच्या गटारासाठी नव्हतं. आणि माझी पावडर अगदीच टाकाऊ नाही. जैविक प्रक्रियेतून आलेलं, फिकट रंग उरलेलं पाणी घ्या, पीएच उतरवा, मीठ आधी वेगळं काढा, मग ती चालू शकते. फक्त नंतर ती बारीक पावडर पाण्यातून गाळायची कशी आणि त्याचे पैसे कुणी द्यायचे, एवढं विचारू नका. 'चालू शकते' हे मी दहा वर्षं म्हणतेय, हे मलाही ऐकू येतं.

आणखी एक, जे कुणीच विचारत नाही. रंग गेला म्हणजे रेणू मोडला असं नाही. मेथिलीन ब्ल्यूचं एक बिनरंगी रूप असतं. हवेत हलवलं की पुन्हा निळं. माझ्या 98 टक्क्यांत मोडलेले किती, पावडरीला नुसते चिकटलेले किती? सीओडी, म्हणजे पाण्यात सेंद्रिय घाण किती उरली ते सांगणारा आकडा, मी मोजलाच नव्हता. उपकरण दुसऱ्या विभागात होतं, असं मी सांगायचे. विभाग एक जिना वर होता.

नदीत पावडर का टाकत नाही, याचं उत्तर एवढंच : नदीला आणखी गाळ नको.

गेल्या आठवड्यात नवी विद्यार्थिनी मागणीपत्र घेऊन आली. मेथिलीन ब्ल्यू, 25 ग्रॅम. तिला तो कॅन दाखवावा, असं मनात आलं होतं. पण फेलोशिपची मुदत, पेपरची अट, सगळं माहीत आहे. सही केली.